लेकीचं नाव ‘तारा’: आपलं की त्यांचं?

प्रश्न

डब्लिनमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा. त्यांना पाच आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. ती पोटात असतानाच त्यांनी आणि नवऱ्याने ‘तारा’ हे नाव पक्कं केलं होतं. छोटं, गोड, आणि तिथल्या लोकांच्याही तोंडी सहज बसेल असं. बाळ घरी आल्यावर शेजारच्या आजी लोकरीची टोपी घेऊन बघायला आल्या. नाव ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्या म्हणाल्या, “अगं बाई, तुम्ही तर आमचं आयरिश नाव ठेवलंत!” तेव्हापासून या मैत्रिणीला वाटतंय की आपण दुसऱ्यांच्या सोयीसाठी त्यांचंच नाव उचललं की काय.

इकडे सांगलीला सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर नाव ऐकलं आणि त्या गप्प झाल्या. दोन दिवसांनी निरोप आला: तारा ही वालीची बायको, तिच्या नशिबी काय आलं ठाऊक आहे ना? शिवाय पत्रिकेत पूर्वाषाढा नक्षत्राचा दुसरा चरण आहे, अक्षर ‘धा’ आलंय, तर ‘धारा’ ठेवा. ते तरी अस्सल आपलं आहे. नवरा म्हणतो, आईकडे लक्ष देऊ नकोस. नणंद म्हणते, आत्या मी, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सासूबाईंचं स्वतःचं माहेरचं नाव लग्नात बदललं होतं, एवढाही उल्लेख पत्रात आहे. जन्मनोंदणीची मुदत जवळ येतेय. शेवटी त्या लिहितात: “हल्ली मी तिला नावाने हाक मारणंच सोडलंय. नुसतं बाळ म्हणते. नाव बदलू का?”

उत्तर

प्रिय मैत्रीण,

लेकीच्या जन्माबद्दल मनापासून अभिनंदन. पाच आठवड्यांचं बाळ, माहेर-सासर दोन्ही हजारो मैलांवर, झोपेचं खोबरं, आणि त्यात नावावरून घरात धुसफूस. तुमची ओढाताण ओळीओळीत जाणवते. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कुणाच्या बोलण्याने मन खट्टू झालं म्हणून हे नाव बदलू नका. तुम्हा दोघांना याहून जास्त आवडणारं दुसरं नाव सापडलं, तर जरूर बदला. पण तुमचं पत्र वाचून मला असं वाटलं की घरातली गाठ नावात बसलेलीच नाही. ती कुठे आहे त्याकडे मी येतेच. तोवर नावाबद्दलचे दोन-तीन समज जरा तपासून बघू, कारण त्यांनी तुम्हाला विनाकारण अपराधी करून ठेवलंय.

शेजारच्या आजींपासून सुरुवात करू. त्या खोटं काहीच बोलल्या नाहीत. डब्लिनच्या वायव्येला, गाडीने तासाभराच्या आत, मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे. आयर्लंडच्या महाराजांचं हे पीठ मानलं जातं. टेकडीवरचं सर्वांत जुनं थडगं सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचं आहे, आणि जवळच एक उभा दगड आहे; खरा राजा आला की तो दगड आरोळी देई, अशी दंतकथा आहे. आयरिश माणसाच्या मनात या टेकडीबद्दल जिव्हाळा असणं अगदी स्वाभाविक आहे. थोडं ऊन पडलं की बाळाला घेऊन एकदा तिथे जाऊनच या.

पण आयरिश भाषेत त्या टेकडीचं नाव आजही ‘तारा’ असं नाही. ते साधारण ‘त्याउर’ असं काहीसं ऐकू येतं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्या शब्दाच्या एका विभक्तिरूपावरून ‘तारा’ केलं आणि तेच नकाशावर बसलं. मूळ शब्दाचा अर्थ बरेच अभ्यासक ‘वेगळी राखून ठेवलेली पवित्र जागा’ असा लावतात. मध्ययुगातल्या आयरिश पंडितांनी मात्र वेगळीच कथा सांगितली आहे: एरिमोन राजाची तेआ नावाची राणी होती, तिच्या नावावरून ‘तेआची भिंत’, आणि त्यावरून टेकडीचं नाव. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मानत नाही. तरी मला ती आवडते, कारण एवढ्या मोठ्या राजपीठाच्या नावामागे त्या लोकांना एक बाई दिसली.

आणखी एक गोष्ट. जुन्या आयरिश बायकांची नावं तारा नसत. हे गावाचं, टेकडीचं नाव होतं. मुलीचं नाव म्हणून ते अलीकडे रुळलं, आणि त्यात मोठा हात अमेरिकेचा. १९३६ साली आलेल्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीत आयर्लंडहून आलेला एक जमीनदार आपल्या मळ्याला या टेकडीचं नाव देतो. १९३९ साली त्यावर चित्रपट आला, जगभर पोचला, आणि पुढच्या दशकांत अमेरिकेत मुलींची नावं तारा ठेवली जाऊ लागली. १९७०च्या दशकात तर भरपूर. म्हणजे ज्या अर्थाने तुम्ही ‘त्यांचं’ नाव उचललं असं तुम्हाला वाटतंय, त्या अर्थाने मुलीचं नाव म्हणून ते त्यांच्याकडेही फार जुनं नाही. आपल्याकडे मात्र बायका शेकडो वर्षं हे नाव लावताहेत.

आपल्या ‘तारा’चं कूळ निराळं आहे. ऋग्वेदात ‘स्तृभिः’, म्हणजे ताऱ्यांनी, असं रूप येतं. आरंभीचा स पुढे गळला आणि तारा राहिलं. फारसीतला सितारा, ग्रीकांचा ‘अस्तेर’, लॅटिनमधली ‘स्टेला’, इंग्रजीतला ‘स्टार’ ही सगळी त्याच घरची भावंडं. तेव्हा युरोपात आपल्या ताराची सख्खी बहीण शोधायची असेल तर ती स्टेला, एस्टेल किंवा स्पॅनिश एस्त्रेया या नावांत सापडेल. एस्थर हे नावसुद्धा फारसीतल्या ताऱ्यावरून आलं असावं असं एक मत आहे. तुमच्याच गावात, सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये, लेखक जोनाथन स्विफ्ट आणि त्याची जिवलग मैत्रीण एस्थर जॉन्सन यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. स्विफ्ट तिला ‘स्टेला’ म्हणत असे. तुमच्या लेकीच्या नावाचं खरं आयरिश सोयर शोधायचं तर मी टेकडीवर नाही, त्या कॅथेड्रलमध्ये जाईन.

ऐकायला सारखी नावं नात्याची असतातच असं नाही, आणि नात्यातली नावं कित्येकदा ओळखूही येत नाहीत. हे लक्षात आलं की ‘हे नाव कुणाचं’ या प्रश्नाची धार बोथट होते. आता ‘तारा’चाच प्रवास बघा. बौद्ध परंपरेत ती तारणारी देवी झाली. तिथे नावाचा संबंध ताऱ्याऐवजी ‘तरून नेणं’ याच्याशी लावला जातो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत आणि वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत. जावा बेटावर कलसनचं देऊळ आहे, त्याच्या संस्कृत शिलालेखावर शके ७००, म्हणजे इ. स. ७७८, ही तारीख आहे, आणि ते देऊळ तारेचं आहे. तिबेटी लोकांनी तर नावाचा उच्चार न घेता अर्थच घेतला: त्यांची ‘डोल्मा’ म्हणजे आपली तारा. दार्जिलिंग-सिक्कीमकडे, नेपाळात, धरमशाळेत डोल्मा नावाच्या किती तरी बायका भेटतील, त्या सगळ्या एका परीने तुमच्या लेकीच्या नावबहिणी. इराणात मुलींना तारा म्हणतात, ताऱ्याच्याच अर्थाने. कुर्दिश भाषेत तारा म्हणजे नवरीच्या डोक्यावरची ओढणी. सर्बिया आणि क्रोएशियातही तारा नावाच्या मुली आहेत. माँटेनेग्रोतल्या खोल दरीतून वाहणाऱ्या नदीचं नावही तारा आहे आणि सर्बियातल्या एका डोंगराचंही. यातल्या एकीनेही दुसरीचं नाव चोरलेलं नाही.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी, इतर वाचकांसाठीही. दुसऱ्या भाषेत नावाचा काय अर्थ होतो हे एकदा पाहून घ्यावं. स्पॅनिशमध्ये ‘तारा’ या शब्दाचा अर्थ खोट, व्यंग असा होतो. तुम्ही माद्रिदला असता तर मी हे नाव ठेवण्याआधी दहादा विचार करा म्हटलं असतं. डब्लिनमध्ये याचा काही त्रास नाही. मुलगी पुढे स्पेनला शिकायला गेलीच, तर तोवर ती तारा म्हणून इतकी घडलेली असेल की एखादा शब्दकोश तिचं काही बिघडवणार नाही.

आता सासूबाईंनी सुचवलेलं ‘धारा’. नाव सुंदरच आहे. पण ‘अस्सल आपलं, दुसऱ्या कुणाचं नाही’ या कसोटीवर ते टिकत नाही, आणि हे तुम्हाला सांगताना मला खरोखर नवल वाटतंय. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ध नाही. त्यांना ऐकू येईल ‘डारा’. आणि दारा हे तर खासं आयरिश नाव आहे! तिथे बहुतेक वेळा मुलाचं असतं आणि त्याचा संबंध ओक वृक्षाशी आहे. तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर किलडेअर परगणा आहे, रस्त्यावरच्या पाट्यांवर त्याचं आयरिश नाव ‘किल दारा’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, म्हणजे ओकजवळचं देऊळ. त्यातला ओक आणि आपल्या देवदारातला ‘दारु’ यांचं मूळ एकच आहे. थोडक्यात, सासूबाईंनी सुचवलेलं नाव ठेवलं असतं तर शेजारच्या आजी तितक्याच आनंदाने म्हणाल्या असत्या, अगं बाई, आमचंच नाव! फक्त मागाहून विचारलं असतं की मुलगी आहे ना?

आता वालीची बायको. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. तुमचा नवरा ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणतो, तिथे तो चुकतो असं मला वाटतं. सासूबाईंच्या पिढीने नावाबरोबर प्राक्तन येतं असं मानलंय. आजही कित्येक घरांत सीता, द्रौपदी ही नावं मुलींना ठेवत नाहीत, कारण त्या मुलीच्या वाट्याला तसले भोग नकोत. यात माया आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं की तुमचं आणि त्यांचं बोलणंच बंद होतं.

पण कथेतली तारा खरी कशी आहे ते त्यांच्याशी बोला. किष्किंधाकांडात सुग्रीव दुसऱ्यांदा युद्धाचं आव्हान देतो, तेव्हा वालीला अडवणारी ताराच असते. नुकताच मार खाऊन पळालेला माणूस इतक्यात पुन्हा उभा राहतो, तर त्याच्या पाठीशी कुणीतरी बलवान असणार, हे ती ओळखते; अंगदाच्या हेरांनी रामाची बातमी आणली आहे, हेही सांगते. वाली ऐकत नाही आणि मरतो. मरताना तोच सुग्रीवाला सांगतो की ताराची पारख सूक्ष्म आहे, ती सांगेल ते निःशंकपणे कर. पुढे संतापलेला लक्ष्मण किष्किंधेत येतो, तेव्हा त्याला सामोरं जायला घाबरलेला सुग्रीव पाठवतो तीही ताराच. तिच्या नशिबी दुःख आलं हे खरं. पण त्या सगळ्या गोंधळात जिची बुद्धी शाबूत आहे, अशी ती बाई आहे. आणि सासूबाईंना ‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा’ हा श्लोक नक्की पाठ असेल. पंचकन्यांत जिचं रोज सकाळी स्मरण करायचं, तिचं नाव अशुभ कसं, हा प्रश्न त्यांना जाब विचारल्यासारखा विचारू नका. त्यांच्याकडून तो श्लोक बाळाला ऐकवायला सांगा. बाकीचं श्लोकच सांगेल.

शिवाय सांगलीकरांना तारा नावाचं वावडं असावं हे मला पटतच नाही. तिथून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात कावळा नाक्याला महाराणी ताराबाईंचा घोड्यावरचा पुतळा आहे. १७०० साली राजाराम महाराज गेले आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, या बाईने मराठ्यांची लढाई चालवली. त्या वेळी त्यांचं वय पंचविशीचं. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक सवाल केले. ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला अंगणात, झाडाखाली, आदिवासी मुलांची बालवाडी भरवली. आणि खुद्द सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर, लोकसाहित्याच्या अभ्यासक, २०२५ साली दिल्लीतल्या ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. सासूबाईंनी त्यांना एखाद्या व्याख्यानात ऐकलंही असेल. मराठीत तारा नावाच्या बायकांनी फार काही सोसून गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही.

आता जी गाठ म्हटली ती. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात: सासूबाईंचं माहेरचं नाव लग्नात बदललं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला हीच वाटली. त्या पिढीतल्या किती तरी मुलींचं असंच झालं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून वीस-बावीस वर्षांची ओळख संपायची. तिला कुणी विचारलेलं नसे. कित्येकींना नव्या नावाने हाक मारली तर आपल्यालाच बोलावतात हे कळायलाच वेळ लागे. अशा बाईला आयुष्यात एकदा, नातीच्या वेळी, नावाच्या बाबतीत आपलं मत विचारलं जाईल असं वाटलं असेल तर त्यात चूक काय? आणि तिला नाव कळलं ते ठरून गेल्यावर, स्क्रीनवर, सगळ्यांच्या देखत. वाली आणि पूर्वाषाढा नंतर आले असावेत. आधी आली ती खंत. नणंदेचंही तेच. आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि तो तिने हक्काने मागितला यात तुसडेपणा नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: नावाबद्दल वाद घालायचा थांबवा आणि सासूबाईंना तुम्ही स्वतः फोन करा. व्हिडिओ नको, नवरा शेजारी नको. त्यांना त्यांचं माहेरचं नाव विचारा. ते कुणी ठेवलं होतं, माहेरी कशा हाक मारायच्या, बदललं तेव्हा कसं वाटलं. त्या बोलतील किंवा विषय टाळतील, दोन्ही चालेल. मग सांगा, “आई, आम्ही तुम्हाला न विचारता ठरवलं, तुम्हाला वाईट वाटलं असेल.” नाव बदलतो असं मात्र कबूल करू नका. तुम्ही माफी मागाल ती न विचारल्याबद्दल. नाव बदलणं हा वेगळा विषय आहे आणि तो तुमच्या दोघांचा आहे.

दुसरं, आपल्या परंपरेत यावर चांगली वाट आहे, आणि ती मला मनापासून सुचवाविशी वाटते. शास्त्राप्रमाणे नामकरणात बाळाला एकच नाव ठेवत नाहीत. देवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि मग व्यवहाराचं, अशी चार नावं सांगितली आहेत. ‘धा’ अक्षर नक्षत्रनावाचं आहे. व्यवहाराचं नाव त्याच अक्षराचं असलं पाहिजे असा नियम नाही. ‘ता’ अक्षर स्वातीच्या चौथ्या चरणाचं, पण अवतीभवतीच्या सगळ्याच ताराताईंचा जन्म काही त्या चरणावर झालेला नाही. तेव्हा सासूबाईंना म्हणा, नक्षत्रनाव ‘धारा’ तुम्हीच ठेवा आणि नणंदेने ते पाळण्यात, कुर्र करून, बाळाच्या कानात सांगावं. तुम्ही भारतात याल तेव्हा बारसं करा. बाराव्या दिवशी झालं नाही म्हणून आता होत नाही असं काही नाही. घुगऱ्या, पाळणा, या हातातून त्या हातात ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’, सगळं साग्रसंगीत करा. आजीने त्या मुलीला आयुष्यभर धारा म्हणून हाक मारली तरी चालेल. दोन नावांच्या बायका आपल्या घरांत काही कमी नव्हत्या. फक्त इथे पहिलं नाव पुसून दुसरं लिहिलं जाणार नाही.

आता तुमच्या मनातली टोचणी: आम्ही सोयीसाठी नाव ठेवलं का? थोडं सोयीसाठी ठेवलंत, हो. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? रोज वर्गात हजेरी घेताना जिचं नाव अडखळत घेतलं जाणार आहे ती तुम्ही नाही, तुमची मुलगी आहे. तिचा विचार करणं हे आईबापांचं कामच. हा विचार करताना तुम्ही स्वतःचं काही सोडून दुसऱ्याचं घेतलंय का, एवढंच बघायचं, आणि ते तुम्ही केलेलं नाही. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी ठेवून घरात सगळे इंग्रजीच बोलतात, अशी घरं मला माहीत आहेत. तुमच्या घरात तिच्याशी मराठी बोललं जाणार असेल, तर नावावर एवढं ओझं टाकायची गरज नाही.

उच्चाराचं मात्र मनावर घ्या. आयर्लंडमध्ये टेकडीचा उच्चार करताना पहिला स्वर आखूड असतो, ‘टॅरा’कडे झुकणारा. अमेरिकेत बरेच जण ‘टेरा’च्या जवळ जातात. तुम्ही सुरुवातीलाच नीट सांगितलं नाही तर ती टॅरा होईल, आणि पाच वर्षांनी दुरुस्त करणं अवघड. तुमचं भाग्य असं की इंग्रजांच्या तोंडी नसलेला आपला दंत्य त आयरिश लोकांकडे आहे. त्यांच्या भाषेत ‘आहे’ याला ‘तॉ’ म्हणतात. त्यातला त जीभ दातांना लावूनच म्हणतात. तिथल्या प्राथमिक शाळेत आयरिश शिकवतात, त्यामुळे बाईंना हा शब्द येतोच. बालवाडीत पहिल्या दिवशी त्यांना सांगा, त्या शब्दातला त घ्या, त्याला लांब आ लावा आणि पुढे रा म्हणा. शेजारच्या आजींपासूनच सुरुवात करा. त्यांना टेकडीचं नाव ठाऊक आहे, आता आमच्याकडे याचा अर्थ तारका आहे हेही सांगा. त्यांचा आनंद कमी होणार नाही.

आणि तुम्ही स्वतः तिला आजपासून नावाने हाक मारा. दूध पाजताना, लंगोट बदलताना, रात्री दोनला ती रडत असताना. नोंदणी होईपर्यंत थांबू नका. आठवडाभर मोठ्याने ‘तारा’ म्हणून बघा. त्यानंतरही ते जिभेवर परकं वाटलं, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि दुसरं शोधा. तो निर्णयही तितकाच चांगला असेल, कारण तेव्हा तो तुमचा असेल.

कागदपत्रांचं थोडं, कारण परदेशातले बरेच वाचक हे विचारतात. आयर्लंडमध्ये जन्मनोंदणीला तीन महिन्यांची मुदत असते, म्हणजे तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत. एकाहून जास्त नावं लिहिता येतात, पण धारा हे दुसरं नाव म्हणून दाखल्यावर घालायचं की नाही ते विचारपूर्वक ठरवा. एकदा घातलं की पासपोर्ट, शाळा, बँक, सगळीकडे ते तसंच लिहावं लागतं. मी घालणार नाही, घरातलं नाव घरात राहू देईन. वडिलांचं नाव मधे लावायचं की नाही तेही आधीच ठरवा, कारण आपली ती पद्धत तिथल्या अर्जात नेमकी कुठे बसवायची हा घोळ ऐनवेळी होतो. रोमन लिपीत ‘ए’ एकच ठेवावा असं माझं मत. दोन ‘ए’ लिहिले तर उच्चार सुधारेल खरा, पण तिला जन्मभर प्रत्येक खिडकीवर स्पेलिंग सांगावं लागेल. तुम्ही दोघं भारतीय नागरिक असाल आणि मुलीलाही ते नागरिकत्व हवं असेल, तर डब्लिनच्या भारतीय वकिलातीत जन्मापासून एका वर्षाच्या आत नोंद करा, आणि तिथलं स्पेलिंग आयरिश दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळू द्या. दाखला हातात पडला की घरी येईपर्यंत थांबू नका, तिथेच उभ्या उभ्या दोघांनी एकेकदा वाचा.